पाऊण फेरा

“टाच उचलते अजून,” मयूरी म्हणाली.

ती धक्क्यावरच्या फळीवर बसली होती. डावा पाय त्या टणक बुटात. मी तिच्यासमोर उकिडवी, हातात स्क्रू ड्रायव्हर. माझ्या कमरेला ओढणीचं एक टोक बांधलेलं आणि दुसरं ओवीच्या पोटाला. ओवी तेव्हा दीड वर्षाची होती. ओढणी सहा फुटांची, आणि फळीपासून पाण्याची कड साडेसात फुटांवर. मी मोजून घेतलं होतं.

“वरचं बकल अजून एक दात आवळू का?”

“आवळा की. पण त्यानं काय व्हायचं न्हाई. नडगी दाबती, टाच तशीच.”

मयूरी माझी नणंद. एकोणीस वर्षांची. कोल्हापूरच्या बऱ्याच मुलींसारखी तीही ‘मी जातो, मी आलो’ असंच बोलायची. साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं, नंतर कानांना सवय झाली. धरणाच्या फुगवट्यावर माझ्या नवऱ्याचं, संग्रामचं, बोटींचं छोटं केंद्र होतं. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना फिरवायचं, बाकीचे दिवस बोट मयूरीच्या सरावाला. बोटीच्या मागे दोरी, दोरीला धरून मयूरी, पायाखाली एकच लांब स्की. पाण्यावर तरंगणारे लाल बोये, सहा. त्यांना डावीकडून उजवीकडून वळसे घालत जायचं. रविवारी राज्याची निवड चाचणी आमच्याच पाण्यावर होती. दोघींना घेणार होते. मयूरी गेले दोन आठवडे तिसऱ्या बोयापलीकडे जात नव्हती.

कारण बूट. आधी ती रबरी बूट वापरायची. हा टणक बूट पुण्याच्या एका प्रशिक्षकांनी जुना झाला म्हणून दिला होता. दिसायला रोलर स्केटच्या बुटासारखा, आत मऊ अस्तर, बाहेर कडक कवच. खाली ॲल्युमिनियमची पट्टी आणि त्या पट्टीला एक खटका. खटका बुटाला स्कीवर धरून ठेवतो. माणूस जोरात पडला की खटका सुटतो आणि पाय बुटासकट स्कीवेगळा होतो. सुटला नाही, तर पाण्यातली स्की पायाला पिळून काढते. खटका किती जोरानं सुटावा हे एका स्क्रूवर ठरतं. बूट देताना ते प्रशिक्षक म्हणाले होते, “हा स्क्रू मी तिच्या वजनाप्रमाणे लावून दिलाय. बाकी काय करायचं ते करा. याला हात लावायचा नाही.”

आणि खटका तिसऱ्या बोयाला सुटत होता. ती पडण्याआधीच. तो सुटायचा, म्हणून ती पडायची.

“हर्षदा, सर बाजूला,” मागून तात्या म्हणाले. “आनि मयू, तुझ्या घरात घालायच्या जुन्या चपला कुठायत?”

तात्या, माझे सासरे. आयुष्यभर कोल्हापुरी चपला बनवल्या. हात थरथरायला लागल्यावर धंदा पुतण्याकडे दिला, पण भोकं पाडायची आरी आणि चामडं तासायची रापी मात्र कापडात गुंडाळून सोबत असायच्या. आरीनं खुणा करायची त्यांना खोड होती. जोडी चुकू नये म्हणून प्रत्येक चपलेच्या पोटाला ते एक बारीक ओरखडा काढायचे. घरातल्या डब्यांची झाकणं, छत्र्यांच्या मुठी, ओवीची दुधाची बाटली, सगळ्यांवर तात्यांचा ओरखडा होता.

“चपला कशाला?” मयूरी म्हणाली. “इथं बुटाचं चाललंय.”

“जोडा नवा बघून काय कळत न्हाई. झिजलेला बघायचा असतोय.”

चपला आल्या. तात्यांनी डावी उलटी करून उन्हात धरली. पुढचा भाग, बाहेरच्या अंगानं, पार पातळ झालेला. टाच जवळजवळ कोरी.

“बघितलंस? ही पोरगी टाचेवर उभीच ऱ्हात न्हाई. ल्हानपणी फळीवरचा लाडवाचा डबा काढायला टाचा वर करायची, ती अजून खाली आल्या न्हाईत.”

“तात्या!”

“खोटं हाय व्हय? डबा निम्मा व्हायचा. आता बोट वडती जोरानं, ही सगळं वजन टाकती पुढच्या बोटांवर. टाच आतल्या आत उचलती. मग त्यो खटका उचकाटनार न्हाई तर काय करंल? त्याची काय चूक न्हाई.”

“मग काय करायचं?” मी विचारलं.

“टाच खाली येत न्हाई, तर जिमीन वर न्यायची. चामड्याची पट्टी घालतो टाचंखाली, मागं जाड, पुढं पातळ. आनि बूट स्कीवर एक भोक मागं सरकवतो. रविवारच्या आत देतो करून.”

“चामड्याच्या पट्टीनं?” संग्राम बोटीतून ओरडला. “तात्या, परदेशी बूट हाय त्यो!”

“पाय कुठला हाय?” तात्या म्हणाले.

मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं आणि मला एवढं दिसत होतं की खटका लवकर सुटतोय, म्हणजे तो ढिला आहे. बोटभर चामड्यानं काय होणार होतं?

शनिवारी सकाळी मयूरी परत तिसऱ्या बोयाला गेली. बोटीत मागे तोंड करून बसायचं काम माझं होतं. चालवणारा पुढे बघतो, त्याला मागचं दिसत नाही. म्हणून एकानं स्की करणाऱ्याकडे बघत बसायचं, आणि ती पडली किंवा काही बिनसलं तर हात वर करायचा. संग्राम आरशात माझा हात बघायचा. हे काम मला देण्यावरून घरात चेष्टा चालायचीच. “हिला मुद्दाम बघायला सांगायला नको,” संग्राम म्हणायचा, “ही झोपेतपण गॅसचं बटण बघती.” खरंही होतं. ओवी झाल्यापासून मी दाराची कडी तीनदा बघायचे, पाण्याची बादली कधी भरलेली ठेवायचे नाही, ओवी झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरायचे.

त्या दिवशी मी सगळं पाहिलं. मयूरी वळली, पाण्याची भिंत उठली, आणि खट् असा आवाज बोटीपर्यंत आला. स्की एकीकडे, मयूरी दुसरीकडे, तोंडावर. मी हात वर केला. आम्ही वळून तिच्याजवळ गेलो तेव्हा तिच्या नाकातून रक्त येत होतं आणि पाण्यात त्याची बारीक गुलाबी रेघ पसरत होती.

“काय न्हाई झालं,” ती म्हणाली. “वहिनी, असं बघू नका. घाबरायला होतंय तुमच्याकडं बघून.”

दुपारभर ती नाकाला बर्फ लावून पडून होती. मध्येच म्हणाली, “उद्या पण सुटला तर संपलं. पुढच्या वर्षी तात्या मला बोटीत न्हाई, बोहल्यावर बसवतील.” हसली. मग भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळे चहाला बसले होते. ओवी तात्यांच्या मांडीवर. मी शेडमध्ये गेले. स्की भिंतीला टेकवून ठेवली होती, बूट अजून स्कीवरच. मी स्क्रू ड्रायव्हर लावला. पाव फेरा. मग निम्मा. मग मला ते पाण्यातलं रक्त दिसलं, आणि मी पाऊण फेरा आवळला.

परत येऊन चहा घेतला. चहा निवला होता. तात्या म्हणाले, “साय धरलीया, गरम करून घे.”

रविवारी सकाळी सहा वाजता तात्यांनी पट्टी बसवली. मी गेले तेव्हा ते बूट मांडीवर घेऊन बसले होते. टाचेखाली चामडं, कडा रापीनं इतक्या पातळ केलेल्या की बोटाला कळत नव्हत्या. बूट एक भोक मागे.

“घालून बघ,” ते मयूरीला म्हणाले.

ती उभी राहिली. गुडघा थोडा वाकला, आपोआप. तिनं खाली पाहिलं. मग तात्यांकडे.

“बसली,” ती म्हणाली. “टाच बसली!”

“मग? परदेशी म्हनं.”

मी तिथंच होते. सांगायचं तर तेव्हा सांगता आलं असतं. पण मग तात्यांसमोर, संग्रामसमोर, मयूरीसमोर कबूल करावं लागलं असतं की ज्याला हात लावायचा नाही त्याला मी हात लावला. आणि मला वाटलं, असू दे. सुटला नाही तर बरंच आहे.

निवड समितीतले एक गृहस्थ, पाटणकर म्हणून, बोटीत बसले. मांडीवर कागद, डोक्यावर पांढरी टोपी. पुढे संग्राम. मी मागे तोंड करून. ओवी धक्क्यावर तात्यांपाशी. ओढणीचं टोक तात्यांच्या स्टुलाला बांधलेलं.

दोन मुली आधी होऊन गेल्या होत्या. पहिलीनं सगळे सहा बोये दोन्ही फेऱ्यांत घेतले. दुसरीनं दुसऱ्या, वेगाच्या फेरीत पाच घेतले. म्हणजे मयूरीला दुसऱ्या फेरीत सहाच्या सहा हवे होते.

पहिली फेरी. एक, दोन. तिसरा बोया आला तेव्हा मी श्वास धरला. ती वळली आणि निघून गेली. चार, पाच, सहा. गेल्या दोन आठवड्यांत मी तिला अशी पाहिली नव्हती. खांदे सैल, गुडघा वाकलेला, सगळं अंग त्या एका पायावर नीट रचून ठेवल्यासारखं. पाटणकर म्हणाले, “छान उभी राहते की पोरगी.”

पलीकडच्या टोकाला बोट थांबली. मयूरी पाण्यात बसून दोरीची वाट बघत होती. तिनं मला अंगठा दाखवला आणि ओरडली, “वहिनी, टाच हललीसुद्धा न्हाई!”

तेव्हा मला कळलं. टाच हलली नाही, म्हणजे खटका उचकटायचं कारणच उरलं नव्हतं. तात्या बरोबर होते. खटका ढिला नव्हताच कधी. आणि मी तो पाऊण फेरा आवळून ठेवला होता.

तेव्हाही सांगता आलं असतं. बोट उभी होती, संग्राम दोन हातांवर होता. ती हसत होती. मी तोंड उघडलं आणि पाटणकर म्हणाले, “चला, वेग वाढवा.”

दुसरी फेरी. वेग वाढला की आवाज बदलतो. स्की पाण्यावर घासत नाही, आपटते. एक. दोन. ती जवळजवळ पाण्याला समांतर होत होती. तीन. मी तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. मी त्या डाव्या घोट्याकडे बघत होते. पडली तर. आता पडली तर तो सुटणार नाही. चौथ्या बोयाला ती थोडी उशिरा पोचली, स्कीचं टोक थरथरलं, तिनं सावरलं. चार.

मी हात वर केला.

संग्रामनं लगेच वेग कमी केला. दोरी ढिली पडली आणि मयूरी हळूहळू पाण्यात बुडत गेली, उभीच्या उभी, कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. तिला कळतच नव्हतं काय चाललंय.

“काय झालं?” पाटणकर. “पडली नव्हती ती.”

“पडली असती तर बूट सुटला नसता,” मी म्हणाले. “मी काल स्क्रू आवळलाय. कुणाला न विचारता.”

संग्राम वळला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे असं पाहिलेलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

“मी पडलो नव्हतो!” मयूरी पाण्यातून ओरडली. “कुणी थांबवली? मी पडलो नव्हतो!”

पाटणकरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “बोट बिघडली असती तर फेरी परत दिली असती,” ते म्हणाले. “तुमच्याच माणसानं हात केला. चार बोये धरतो.” मग टोपी काढून, “तुम्ही कोण तिच्या?”

“वहिनी.”

त्यांनी मान हलवली आणि टोपी परत घातली.

मयूरी बोटीत माझ्या शेजारी बसली नाही, पुढे जाऊन बसली. धक्क्याला लागताच संग्रामनं तात्यांना दोन वाक्यांत सांगितलं. मी म्हणाले, “द्या, मी आधी होता तसा करते.” पण तोवर तात्यांनी स्की उचलून मांडीवर घेतली होती, माझ्याकडे पाठ करून.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “फिरवलाय मी.”

मयूरी तिसरी आली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ताट घेऊन पुढच्या खोलीत जायची. ओवीला घ्यायची, पण माझ्या हातातून नाही. मी खाली ठेवली की मग उचलायची. संग्राम म्हणाला, “बोलंल की ती तुझ्याशी. चांगल्यासाठी केलंस, ठाऊक आहे. पण आधी आवळायचा कशाला?” सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचाही मी विचार केला. फोटोतल्या त्या नेहमीसारख्याच बघत राहिल्या. तात्यांनी चहा घेताना एकदा कप माझ्याकडे सरकवला, एवढंच.

सोळाव्या दिवशी सकाळी मी ओवीला भात भरवत होते. मयूरी दारात आली. केस बांधलेले, अंगात सरावाचे कपडे.

“वहिनी, आजपासून परत सुरू करतोय.”

“बरं.”

“संग्रामदादा म्हणतोय, मागं बसायला दुसऱ्या कुणाला तरी घेऊ या.”

“घ्या की,” मी म्हणाले. घास हातातच राहिला.

“न्हाई. बोटीत तुम्हीच बसायचं. दुसरं कुणी बसलं तर मी पाण्यात उतरत न्हाई.”

मला वाटलं, तिचा पाय वाचला हे तिला उमगलं असेल. राग ओसरला की माणसाला कळतं. मी तसंच धरून चालले. पुढच्या वर्षी ती निवडली गेली, दोन वर्षं बाहेर खेळली, मग गुडघ्यानं त्रास दिला तेव्हा परत आली आणि आमच्याच पाण्यावर मुलामुलींना शिकवायला लागली. त्या सगळ्या काळात मी बोटीत मागे तोंड करून बसत होते. नवीन मुलांना ती माझी ओळख करून द्यायची, “ह्या आमच्या वहिनी. ह्यांनी हात केला की बोट थांबणार. का म्हणून विचारायचं न्हाई.”

याला आता सात वर्षं झाली.

या मार्चमध्ये ओवी पहिल्यांदा स्कीवर उभी राहणार होती. ती आता साडेआठची आहे. तिच्यासाठी लहान टणक बूट आणला होता, आणि तात्या धक्क्यावर तोच बसवत होते. हात आता जास्तच थरथरतात, पण आरी धरली की थांबतात. ओवीच्या झिजलेल्या शाळेच्या चपला शेजारी उलट्या ठेवलेल्या. मी बकल धरून बसले होते.

“हिची टाच बरी हाय,” तात्या म्हणाले. “आईवर गेलीया. जिमीन सोडत न्हाई.”

मग त्यांनी खटक्याच्या स्क्रूवर आरी टेकवली आणि एक बारीक ओरखडा काढला, स्क्रूच्या डोक्यावरून थेट खालच्या पट्टीपर्यंत. एकच सरळ रेघ. स्क्रू हलला तर रेघ मोडणार.

मी त्या रेघेकडे बघत राहिले.

“तात्या, मयूरीच्या बुटावर पण अशीच काढली होती?”

“व्हय. आला त्याच दिवशी.”

“म्हणजे त्या रविवारी—”

“सकाळी पट्टी बसवायला घेतला तवा बघितलं, रेघ मोडलीया. पाऊण फेरा.” ते आरी कापडात गुंडाळायला लागले. “घरात स्क्रू ड्रायव्हर चालवणारं दुसरं कोन हाय? फिरवला मागं.”

धक्क्याखाली पाणी लाकडावर आपटत होतं. ओवी पलीकडे लाइफ जॅकेटची चेन लावत होती.

“म्हणजे मी हात केला तेव्हा सगळं ठीक होतं.”

“व्हय.”

“चार बोये झाले होते तिचे. उगीच थांबवली मी.”

“उगीच थांबवलीस.”

“मला सकाळीच का नाही सांगितलंत?”

“लाजली असतीस. काम झालं हुतं, सांगून काय करायचं? तू हात करशील हे कुठं ठाऊक हुतं मला.” त्यांनी कापडाची गाठ मारली. “आनि परत आलीस तवा सगळ्यांम्होरं सांगून बसली हुतीस. तवा मी म्हटलं असतं, पोरी, फुकट थांबवलीस, तर?”

“तर काय?”

“तर पुढच्या बारीला हात केला नसतास.”

मी ओवीला बोलावलं, तिच्या पायात बूट चढवून बकल लावलं, आणि ती पाण्याकडे निघाली. मग मी विचारलं, “मयूरीला माहीत आहे?”

“तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिची फेरी गेली हुती. तिच्यापास्नं कसं झाकायचं?”

“काय म्हणाली?”

“काय न्हाई. पंधरा दिवस इचार करत हुती. मग तुझ्याकडं आली.”

“आई, चल ना!” ओवी ओरडली. ती पाण्यात उतरली होती, स्की पुढे, दोरीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. बोटीचं इंजिन सुरू झालं होतं. आताशा बोट मयूरी चालवते. ती पुढे तोंड करून बसली होती, गॉगल लावून, एक हात चाकावर.

मी बोटीत चढले.

“बसलात, वहिनी?” तिनं मागे न बघताच विचारलं.

“बसले,” मी म्हणाले, आणि ओवीकडे तोंड केलं.